कशावरून?

वर्गात भूमितीचा तास चालू असतो. प्रत्येक विद्यार्थी आपल्या वहीत एक त्रिकोण काढतो आणि कोनमापकाने त्याचे तीनही कोन मोजतो. कोणाची बेरीज १८० अंश येते, कोणाची १७९, तर कोणाची १८१. फळ्यावर मात्र स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असते, की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते. ज्याची बेरीज १७९ आली, तो मुकाट्याने एक अंश वाढवून घेतो. कारण पुस्तक चुकणार नाही, अशी त्याची खात्री असते. त्यात त्याचा फारसा दोष नाही. तथापि, त्याच क्षणी एक फार मोलाची गोष्ट त्याच्या हातून निसटून जाते. पुस्तकात लिहिले आहे म्हणून ही बेरीज १८० होत नाही. ती तेवढीच का असली पाहिजे, याला कारण आहे. आणि ते कारण विचारण्याचा त्या विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. ‘कशावरून?’ हा तो प्रश्न होय. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी हा प्रश्न गणितात इतक्या आग्रहाने विचारला, की त्यामुळे ज्ञानाचे स्वरूपच पालटले. ग्रीकांचा जगाला मिळालेला खरा वारसा त्यांच्या प्रमेयांत नाही. तो या प्रश्नात आहे.

भूमितीचा आरंभ ग्रीकांपासून झाला, असे मात्र नाही. भूमिती या शब्दाचा अर्थच भूमीचे माप असा आहे, आणि या शास्त्राच्या ग्रीक नावाचा अर्थही तोच आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे, की भूमिती प्रथम इजिप्त देशात जन्मास आली. नाईल नदीच्या पुराने एखाद्याच्या शेताचा भाग वाहून गेला, की राजाची माणसे येऊन ती जमीन पुन्हा मोजीत आणि त्या मानाने शेतसारा कमी करीत. बॅबिलोनियातील सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या विटांवर काटकोन त्रिकोणाच्या बाजूंच्या संख्या कोरलेल्या आढळतात. भारतात यज्ञवेदी बांधण्यासाठी दोरीने मापे घेत. त्या शास्त्राच्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणत. शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या लांबी-रुंदीवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात स्पष्ट सांगितला आहे. ज्या प्रमेयाला आज पायथागोरसचे नाव आहे, ते पायथागोरसच्या जन्मापूर्वी शेकडो वर्षे बॅबिलोनियातील लोकांना ठाऊक होते.

मग ग्रीकांनी नवीन ते काय केले? जमीन मोजणाराला नियम पुरेसा असतो. नियम लावला आणि शेत बरोबर मोजले गेले, की त्याचे काम संपले. ग्रीकांचे मात्र तेवढ्याने समाधान होईना. आज तुर्कस्तानात असलेल्या मिलेटस नगरात, इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास, थेलीस नावाचा विचारवंत होऊन गेला. व्यासामुळे वर्तुळाचे दोन समान भाग होतात, समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, अशा विधानांशी प्राचीन लेखक त्याचे नाव जोडतात. या गोष्टी डोळ्यांना दिसतातच. त्यांत सिद्ध करण्यासारखे ते काय, असे कोणालाही वाटेल. परंतु डोळ्यांना दिसते तेही सिद्ध झाले पाहिजे, असे वाटणे हीच या नव्या विचाराची पहिली पायरी होती.

डोळ्यांना दिसते, अनेकदा पडताळून पाहिले, तेवढ्यावर विश्वास ठेवण्यास काय हरकत आहे, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देता येईल. ४१ ही संख्या घ्यावी. तिच्यात २ मिळवावे, म्हणजे ४३ होतात. त्यात ४ मिळवावे, ४७ होतात. मग ६ मिळवावे, ५३ होतात. मग ८ मिळवावे, ६१ होतात. या सर्व मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही. याच रीतीने पुढे जात राहिले, तर दहावी संख्या मूळ निघते, विसावी मूळ निघते, तिसावीही मूळ निघते. ओळीने चाळीस संख्या पडताळून पाहिल्यावर कोणीही म्हणेल, की या रांगेतील प्रत्येक संख्या मूळच असणार. परंतु एक्केचाळिसावी संख्या येते १,६८१, आणि ती ४१ गुणिले ४१ आहे! चाळीस साक्षीदारांनी एकमुखाने जे सांगितले, ते एक्केचाळिसाव्याने खोटे पाडले. पुष्कळ उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

याउलट, त्रिकोणाच्या कोनांची गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर अशी एक रेषा काढावी. त्या बिंदूपाशी, रेषेच्या खालच्या बाजूस, आता तीन कोन दिसतात. मधला कोन त्रिकोणाचाच आहे. डावीकडचा कोन पायाच्या डाव्या कोनाएवढा आणि उजवीकडचा कोन पायाच्या उजव्या कोनाएवढा आहे. कारण ते समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन आहेत. हे तिन्ही मिळून एक सरळ कोन होतो, आणि सरळ कोन १८० अंशांचा असतो. येथे कोनमापकाची गरज पडली नाही. एकच त्रिकोण काढला, परंतु जे सिद्ध झाले ते सर्व त्रिकोणांविषयी झाले. वहीतील लहान त्रिकोण असो, तीन डोंगरांची शिखरे जोडणारा मोठा त्रिकोण असो, किंवा अद्याप कोणी न काढलेला त्रिकोण असो, त्या सर्वांना हे कारण सारखेच लागू पडते. एवढे मोठे सामर्थ्य कोणत्याही मोजमापात नाही.

हा मार्ग पत्करणाराला कधीकधी नको असलेले सत्यही स्वीकारावे लागते. इटलीच्या दक्षिणेस क्रोटोन येथे इ. स. पूर्व सहाव्या शतकात पायथागोरसने आपला पंथ स्थापन केला. संख्या हेच विश्वाचे मूळ आहे, अशी त्याच्या अनुयायांची श्रद्धा होती. खडे मांडून ते संख्यांचे आकार पाहत. १, ३, ५, ७ अशा विषम संख्या क्रमाने मिळवीत गेले, तर १, ४, ९, १६ असे चौरसच होत जातात, हे त्यांना खड्यांच्या रचनेत दिसे. कोणत्याही दोन लांबींचे प्रमाण पूर्ण संख्यांनी सांगता येईलच, असे त्यांना वाटत होते. पुढे त्यांच्यापुढे साधा चौरस उभा राहिला. चौरसाची बाजू ५ असेल, तर कर्ण जवळजवळ ७ भरतो. परंतु ५ च्या वर्गाची दुप्पट ५० आणि ७ चा वर्ग ४९. बाजू १२ घेतली, तर कर्ण जवळजवळ १७ भरतो. परंतु एक संख्या २८८, तर दुसरी २८९. प्रत्येक वेळी एकानेच चुकामूक होते. आणखी मोठ्या संख्या घेतल्या, तर कधीतरी मेळ बसेल काय?

मोजून पाहणारा मनुष्य जन्मभर मोजीत बसला असता. विचार करणाऱ्याने मात्र हा प्रश्न थोडक्यात निकालात काढला. समजा, असे प्रमाण आहे, आणि दोन्ही संख्यांना समान भाग देऊन ते अगदी संक्षिप्त रूपात आणले आहे. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट आहे; म्हणून तो सम आहे, आणि म्हणून कर्णाची संख्याही सम आहे. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो. त्याचे निम्मे, म्हणजे बाजूचा वर्ग, तोही समच राहतो. म्हणून बाजूची संख्याही सम आहे. परंतु दोन्ही संख्या सम असतील, तर प्रमाण संक्षिप्त रूपात नव्हतेच! ही विसंगती टळत नाही. म्हणून असे प्रमाण अस्तित्वातच नाही. हे रहस्य बाहेर फोडणारा मनुष्य समुद्रात बुडून मेला, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, या शोधाने त्या पंथाच्या श्रद्धेला केवढा हादरा बसला असेल, याची कल्पना तिच्यावरून येते. तरीही ग्रीकांनी ती सिद्धता दडपून टाकली नाही. श्रद्धा आणि सिद्धता यांचा विरोध आला, तेव्हा गणितात सिद्धतेचा विजय झाला.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात युक्लिडने हे सर्व ज्ञान तेरा भागांच्या एका ग्रंथात गोवले. ‘मूलतत्त्वे’ असे त्याच्या नावाचे मराठी रूपांतर करता येईल. प्रारंभी काही व्याख्या, पाच गृहीतके आणि पाच सर्वमान्य तत्त्वे. आणि त्यांच्या आधारावर एकावर एक रचलेली ४६५ प्रमेये व रचना, असे त्याचे स्वरूप आहे. प्रत्येक दगड खालच्या दगडावर टेकलेला असावा, तशी ही बांधणी आहे. त्यात केवळ आकृतीच नाहीत, तर संख्यांविषयीही तीन भाग आहेत. मूळ संख्या कितीही गोळा केल्या तरी त्या संपत नाहीत, हे युक्लिडने तेथे दाखवून दिले आहे. समजा, कोणी म्हणाला, की २, ३ आणि ५ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार ३०. त्यात १ मिळवला की ३१. या संख्येला २, ३ किंवा ५ यांपैकी कोणत्याही संख्येने भागले, तरी बाकी १ उरते. तेव्हा ३१ ही स्वतः मूळ असली पाहिजे, नाहीतर तिला भाग जाणारी एखादी नवी मूळ संख्या असली पाहिजे. यादी कितीही लांबविली तरी हीच युक्ती चालते. अनंताची मोजदाद कोणीच करू शकत नाही. परंतु ते अनंत आहे, हे चार ओळींत सिद्ध करता येते.

सिद्धतेचा आणखी एक गुण आहे, आणि तो गणिताच्या बाहेरही फार महत्त्वाचा आहे. तिच्यापुढे लहानमोठा, गरीबश्रीमंत असा भेद राहत नाही. प्लेटोने आपल्या ‘मेनो’ नावाच्या संवादात एक प्रसंग वर्णिला आहे. भूमिती कधीही न शिकलेल्या एका गुलाम मुलाला सॉक्रेटीस विचारतो, की दोन फूट बाजू असलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढावा. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करावी. परंतु मग क्षेत्रफळ ४ चे १६ होते, चौपट! तो विचार करून म्हणतो, बाजू तीन फूट घ्यावी. तेव्हा क्षेत्रफळ ९ येते, आणि हवे असते ८. मुलगा निरुत्तर होतो. मग सॉक्रेटीस आकृतीतील कर्णाकडे लक्ष वेधून एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि कर्णावर काढलेला चौरसच दुप्पट असतो, हे त्या मुलाला स्वतःलाच उमगते. दुसरीकडे, राजा टॉलेमीने युक्लिडला भूमितीचा काही जवळचा मार्ग विचारला, तेव्हा राजासाठी वेगळी वाट नाही, असे उत्तर त्याला मिळाल्याची आख्यायिका आहे. राजाला सवलत नाही आणि गुलामाला मज्जाव नाही, अशी ही विद्या आहे. ज्या समाजात ती वाढली, त्याच समाजाने माणसांना गुलाम करून ठेवावे, ही खेदाची गोष्ट होय. परंतु त्या विद्येने मात्र मनुष्यामनुष्यांत भेद केला नाही.

असल्या विद्येचा उपयोग काय, हा आक्षेप जुनाच आहे. युक्लिडच्या एका शिष्याने पहिलेच प्रमेय शिकल्यावर, यातून मला काय मिळणार, असे विचारले. तेव्हा युक्लिडने नोकराला बोलावून त्याच्या हातावर काही पैसे ठेवावयास सांगितले. कारण त्याला विद्येपासून लाभच हवा होता, अशी गोष्ट सांगतात. ही थट्टा थोडी कठोर खरी; परंतु इतिहासाने युक्लिडचीच बाजू घेतली आहे. इ. स. पूर्व २०० च्या सुमारास अपोलोनियसने शंकू निरनिराळ्या प्रकारे कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांचा सखोल अभ्यास केला. लंबवर्तुळ हा त्यांपैकीच एक. त्या अभ्यासाने त्या काळी कोणाचे शेत अधिक पिकले नाही. परंतु सुमारे अठराशे वर्षांनी, इ. स. १६०९ मध्ये, केप्लरने मंगळ हा ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतो, हे दाखवून दिले, तेव्हा त्याला लागणारे गणित ग्रीकांनी आधीच करून ठेवलेले होते. मूळ संख्यांचेही तसेच झाले. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तीन संशोधकांनी प्रचंड मूळ संख्यांच्या आधारे संदेश गुप्त ठेवण्याची एक रीत शोधून काढली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, परंतु गुणाकारावरून त्या संख्या शोधून काढणे अत्यंत अवघड, हे तिचे मर्म आहे. संगणकांच्या जाळ्यातून जाणाऱ्या पैशांच्या व्यवहारांचे रक्षण करण्यासाठी ही रीत उपयोगी पडली. जो केवळ आजच्या उपयोगापुरतेच शिकतो, तो उद्याचा उपयोग गमावतो.

तथापि, ग्रीकांचे गुणगान करताना त्यांच्यावर सर्वज्ञपणाचा आरोप करू नये. त्यांची अंकलेखनाची पद्धत अवजड होती. शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची सुटसुटीत पद्धत जगाला भारताने दिली. कारण विचारण्याचा मक्ताही ग्रीकांकडे नव्हता. भारतीय गणितात सिद्धतेला उपपत्ती म्हणत. कोकणातील नांदगावचा गणेश दैवज्ञ याने इ. स. १५४५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर जी टीका लिहिली, तिच्यात नियमांबरोबर त्यांच्या उपपत्तीही दिल्या आहेत. खरे म्हणजे ज्ञानाला देशाची कुंपणे मानवत नाहीत. युक्लिडचा ग्रंथ बगदादमध्ये अरबी भाषेत गेला, अरबीतून बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला, आणि १४८२ साली व्हेनिस येथे प्रथम छापला गेला. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने पंडित जगन्नाथ सम्राट याने अरबीवरून तो ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला.

एवढेच नव्हे, तर ‘कशावरून?’ हा प्रश्न खुद्द युक्लिडलाही चुकला नाही. समांतर रेषांसंबंधीचे त्याचे पाचवे गृहीतक पुष्कळांना खटकत होते. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करावे, म्हणून दोन हजार वर्षे मोठमोठ्या विद्वानांनी प्रयत्न केले आणि सर्वांना अपयश आले. अखेर एकोणिसाव्या शतकात रशियातील लोबाचेव्हस्की आणि हंगेरीतील बोल्याई यांनी, ते गृहीतक सोडून देऊनही निराळी, परंतु पूर्णपणे सुसंगत अशी भूमिती उभारता येते, हे दाखविले. त्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते! पुढे रीमान याने वक्र अवकाशाची भूमिती मांडली, आणि १९१५ साली आइन्स्टाइनने तिच्या आधारे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत रचला. यामुळे युक्लिडची थोरवी कमी झाली नाही. आपण काय गृहीत धरले आहे, हे त्याने प्रामाणिकपणे सांगून ठेवले होते. म्हणूनच पुढच्यांना नेमका कोणता दगड हलवून पाहावयाचा, हे कळू शकले. ग्रीकांचे काही प्रश्न तर अजूनही सुटलेले नाहीत. ६ या संख्येचे तिच्याहून लहान विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. तसेच २८ चे. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. आजवर सापडलेल्या सर्व परिपूर्ण संख्या सम आहेत. एखादी विषम परिपूर्ण संख्या असेल काय, याचे उत्तर आजही कोणाजवळ नाही.

असा हा वारसा आहे. आणि तो गमावणे फार सोपे आहे. परीक्षेसाठी जो विद्यार्थी प्रमेयाची सिद्धता अक्षरशः पाठ करतो, त्याला गुण मिळतात. परंतु आकृतीतील अक्षरे बदलली, की त्याची वाट बंद होते. त्याने ग्रीकांचे शब्द घेतले आणि त्यांचा प्रश्न टाकून दिला. ज्याने एकच प्रमेय, पण ‘कशावरून?’ असे विचारीत, पायरीपायरीने समजून घेतले, तो अधिक श्रीमंत होय. असा विद्यार्थी पुढे व्यापारी होवो, शेतकरी होवो, वा न्यायाधीश होवो, कोणी मोठ्या आवाजात सांगितले म्हणून, पुष्कळ लोक म्हणतात म्हणून, किंवा छापलेले आहे म्हणून तो एखादी गोष्ट खरी मानणार नाही. तो शांतपणे कारण विचारील; आणि स्वतः काही सांगेल, तेव्हा कारण देण्याची जबाबदारीही ओळखील. कारण मागणे आणि कारण देणे, या दोन्ही गोष्टी बरोबरच शिकाव्या लागतात. लोकांच्या मतावर ज्या देशाचा कारभार चालतो, त्या देशाला अशा नागरिकांची फार आवश्यकता असते.

म्हणून ज्याच्या वहीतील कोनांची बेरीज १७९ आली, त्याने ती गुपचूप १८० करू नये. १७९ तसेच राहू द्यावेत, आणि सरळ उभे राहून विचारावे, की बेरीज १८० असते, ते कशावरून? त्या प्रश्नाने गुरुजींना राग येणार नाही, आनंदच होईल. कारण त्या क्षणी वर्गात खऱ्या भूमितीचा आरंभ झालेला असेल.